रांजण तीनदा गार केला त्याच्या नोंदी

9 जानेवारी

जुना डिटेक्टर आज बाहेर काढला. 1024 बाय 1024 पिक्सेलची इंडियम अँटिमोनाइडची चिप, एक बाजू जेमतेम 28 मिलिमीटर. इतकी वर्षं या उपकरणानं आकाशातून जे काही टिपलं ते एवढ्याशा चौकोनातून आलं, हे समोर बघूनही खरं वाटत नाही. मनगटाला अर्थिंगचा पट्टा, तोंडाला मास्क, आणि चिप डब्यात जाईपर्यंत खोलीत कुणी बोलायचं नाही असा डिटेक्टरवाल्या बाईंचा दंडक. डब्याला कुलूप लागलं तेव्हा बाई म्हणाल्या, "झालं. आता मागे फिरायची सोय नाही."

वही नवी आहे म्हणून पुढे वाचणाऱ्यासाठी दोन शब्द. हा अवरक्त स्पेक्ट्रोग्राफ 8 मीटर वर्गातल्या दुर्बिणीवरून उतरवून कार्यशाळेत आणलाय. 1 ते 5 मायक्रॉनमधला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्रकाश तो एक लाखाच्या विभेदनानं फोडतो, म्हणजे तरंगलांबीच्या लाखाव्या भागाचा फरकही ओळखतो. वेगाच्या भाषेत सांगायचं तर एखादी रेषा 3 किलोमीटर प्रतिसेकंद वेगाइतकी सरकली तरी ती शेजारच्या रेषेपासून सुटी दिसते. आतला सगळा सरंजाम एका मोठ्या निर्वात पात्रात, 65 केल्विनवर, म्हणजे उणे 208 अंश सेल्सिअसवर राहतो. कागदोपत्री त्या पात्राला क्रायोस्टॅट म्हणतात. आम्ही रांजण म्हणतो.

एवढं गार का, हे पाहुणे दरवेळी विचारतात. आपल्या अंगासकट खोलीतली प्रत्येक वस्तू 10 मायक्रॉनच्या आसपास झगझगत असते. त्या झगमगाटाची शेपटी 2.3 मायक्रॉनच्या पुढे जाणवू लागते आणि 5 ला तर ताऱ्याला पार बुडवते. कोठीत दिवा लावून बाहेरचा काजवा बघण्यातला प्रकार. म्हणून आधी कोठीच विझवायची.

11 जानेवारी

आज फळ्यावर हिशेब पुन्हा मांडला. हिशेब जुनाच आहे, पण मेकॅनिकलमध्ये नवीन आलेल्या पोराला अपग्रेड नेमकं कशासाठी ते कुणी सांगितलंच नव्हतं.

मुख्य ग्रेटिंग, म्हणजे प्रकाशाचे रंग फोडणारा बारीक रेघांचा आरसा, एशेल जातीचं, 40 सेंटिमीटर लांब, मिलिमीटरला 31.6 रेघा, साधारण 63.5 अंशांवर प्रकाश झेलणारं. ग्रेटिंग एकाच प्रकाशाचे अनेक वर्णपट पाडतं, त्यातला प्रत्येक म्हणजे एक ऑर्डर. ऑर्डरचा आकडा आणि तरंगलांबी यांचा गुणाकार या रेघा आणि कोनामुळे सुमारे 56.6 मायक्रॉन येतो. 2.3 मायक्रॉनला 25 वी ऑर्डर, 1.6 ला 35 वी, 5 ला 11 वी. या सगळ्या एकमेकींच्या उरावर पडतात. जुन्या उपकरणात आधी एक प्रिझम हवी ती एकच ऑर्डर निवडायचा आणि बाकीच्या फेकून द्यायचा. त्या एका ऑर्डरचाही 12 नॅनोमीटरचा तुकडा डिटेक्टरवर मावायचा. बाकीचा प्रकाश 8 मीटरच्या आरशावर पडून, सगळे आरसे पार करून आत यायचा आणि काळ्या रंगावर आपटून संपायचा.

नव्या रचनेत एशेलच्या काटकोनात दुसरं छोटं ग्रेटिंग बसतंय. ते ऑर्डरींना वर-खाली वेगळं करतं, शिडीच्या पायऱ्यांसारखं. प्रत्येक वर्णपट्ट्याला असं एक, सगळी मिळून एका चाकावर. समोर दोन डिटेक्टर शेजारीशेजारी, प्रत्येक 2048 बाय 2048. के पट्ट्यात (2.2 मायक्रॉनच्या आसपास) सात ऑर्डरी एकदम येतात, प्रत्येकीचा 30 नॅनोमीटरच्या आसपासचा तुकडा. म्हणजे 12 च्या जागी 200 नॅनोमीटर.

पोरगा म्हणाला, "मग दुर्बीण मोठी न करताच मोठी झाली की." तसं नाही. एका रेषेसाठी फोटॉन तितकेच येणार. पण हजार रेषा एकदम मिळाल्या तर त्यांची बेरीज करून जे दिसतं ते एका रेषेत कधीच दिसलं नसतं. बाह्यग्रहांच्या, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांच्या, हवेचं काम करणारे लोक आमच्या मागे लागलेत ते त्यासाठीच.

17 जानेवारी

खाचेवरून भांडण. ऑर्डरी एकमेकींवर चढू नयेत तर प्रवेशाची खाच आखूड हवी: आत्ताच्या 30 आर्कसेकंदांवरून 10 वर (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग). तेजोमेघ आणि ग्रहांच्या चकत्या बघणाऱ्यांचं त्यात नुकसान आहे आणि त्यांनी ते आज बैठकीत सुनावलं. त्यांचं म्हणणं खोटं नाही. लांब खाचेतून गुरूची चकती आडवी कापणारं काम आता तीन-चार तुकड्यांत करावं लागेल. पण तीन चतुर्थांश अर्ज एका ठिपक्यासारख्या ताऱ्याचे असतील तर त्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंचं काळं आकाश किती मोजायचं? 10 वर शिक्कामोर्तब.

चिलीतल्या पॅरानालच्या व्हीएलटी दुर्बिणींवरच्या क्रायर्स या स्पेक्ट्रोग्राफनं हीच वाट आमच्याआधी तुडवली. 2006 मध्ये तो कामाला लागला, 2014 मध्ये उतरवला, आणि काटकोनातली ग्रेटिंगं, तीन 2048 चे डिटेक्टर घेऊन 2021 मध्ये क्रायर्स-प्लस म्हणून दुसऱ्या दुर्बिणीवर चढला. त्यांचीही खाच 40 वरून 10 आर्कसेकंदांवर आली. हवाईतल्या केक दुर्बिणीवरच्या नर्स्पेक या स्पेक्ट्रोग्राफचं 2018 चं अपग्रेड त्या मानानं आटोपशीर होतं: मूळ ऑप्टिक्स बहुतांशी तसंच, डिटेक्टर नवे. आमच्याकडेही एका गटाला तेवढंच हवं होतं. स्वस्तात पडलं असतं हे खरं, पण एकच ऑर्डर बघत राहिलो असतो.

2 फेब्रुवारी

डिटेक्टर आले. मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइडचे, 18 मायक्रॉनचे पिक्सेल, 5.3 मायक्रॉनपर्यंत दिसणारे. चारही कडांना चार-चार ओळी मुद्दाम आंधळ्या. प्रकाश न बघणाऱ्या त्या पिक्सेलांवरून इलेक्ट्रॉनिक्सचा डुगडुगाट वजा करता येतो. दोन्हींच्या मधे फट राहणारच. त्या फटीत पडणारी रेषा नेमकी कुणाची तरी लाडकी असणार.

दुसऱ्याच्या एका कोपऱ्यात तापट (अंधारातही उजळ दिसणाऱ्या) पिक्सेलांचा पुंजका आहे, पंधरा-वीस असतील. बाईंनी तो डिटेक्टर निळ्या, म्हणजे कमी तरंगलांबीच्या, बाजूला लावायचं ठरवलं. दोन्ही डिटेक्टर एका पातळीत आणण्यात आठवडा जाईल.

20 फेब्रुवारी

आतल्या केबली बांधायचं काम माझ्याकडे. मला हे काम आवडतं, मान्य करते. दर पाच सेंटिमीटरला गाठ, वळणं सारखी, कुठे लोंबकळणं नाही. एशेलच्या पाठीवर तापमानाचे दोन सेन्सर आणि एक छोटा हीटर आहे, त्यांची जुडी फिरत्या चौकटीवरून स्थिर चौकटीवर आणली. बुवा बघायला आले. (बुवा म्हणजे आमचे क्रायोजेनिक्सचे ज्येष्ठ तंत्रज्ञ, निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय आणि निर्वात पंपांशी ते माणसांपेक्षा जास्त बोलतात.) म्हणाले, "वेणी घातलीय जणू." मी खूश.

झाकण लावण्याआधी प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढले. एकूण 214.

27 फेब्रुवारी

झाकण लागलं, पंप सुरू, आणि दाब एका जागी अडून बसला. हेलियमची गळतीशोधक नळी घेऊन बुवा रांजणाभोवती फिरले. खालच्या झाकणाच्या सांध्याशी यंत्र किंचाळलं. उघडून पाहिलं तर ओ-रिंगवर एक केस. एकच. कुणाचा यावर चर्चा झाली नाही, कारण त्या दिवशी टोपी न घातलेला माणूस कोण होता ते सगळ्यांना माहीत होतं.

5 मार्च

गार करणं सुरू. फेरी पहिली. आधी द्रव नायट्रोजन, मग बंद चक्राचे हेलियम कूलर. खाली जायला तीन दिवस, स्थिर व्हायला आणखी दीड.

ॲल्युमिनियमची चौकट मीटरमागे 4 मिलिमीटर आक्रसते. आरसेही ॲल्युमिनियमचेच, त्यामुळे सगळं एका प्रमाणात लहान होतं आणि फोकस जागेवर राहतो. निदान तसा विश्वास आहे. गार होताना डिटेक्टर मुद्दाम आजूबाजूपेक्षा थोडा ऊनच ठेवतो. आत उरलेलं पाण्याचं बाष्प सगळ्यात थंड जागा शोधून तिथे गोठतं, ती जागा डिटेक्टर नसावी. ते बाष्प कोळशाच्या थंड पेटीवर जाऊन बसलं की मग डिटेक्टर 40 केल्विनला न्यायचा.

10 मार्च

युरेनियम-निऑनच्या दिव्याच्या पहिल्या रेषा! सात ऑर्डरी, सातही सरळ, फोकस कागदावर काढला होता त्याच्या केसभर अलीकडे. युरेनियम यासाठी की जवळच्या अवरक्तात त्याच्या बारीक रेषा दाटीनं मिळतात, आणि निऑनच्या मोठाड रेषा त्या मानानं कमी असतात. कमी म्हणजे नाहीत असं नव्हे. एका निऑन रेषेनं डिटेक्टरचा कोपरा इतका भरून टाकला की पुढचे दोन तास अंधाराच्या फोटोतही तिचं भूत दिसत होतं. या जातीच्या डिटेक्टरचा तो स्वभाव आहे. दिवा लावण्याआधी वेळ मोजायची सवय सगळ्यांनी लावून घ्यावी.

11 मार्च

अंधार अंधारासारखा नाही.

आतला थंड पडदा बंद, खाच बंद, तरी 4.5 मायक्रॉनच्या पलीकडच्या मांडणीत (मांडणी म्हणजे हव्या त्या तरंगलांबीसाठी फिरवून ठेवलेली ग्रेटिंगं) डिटेक्टरच्या उजव्या बाजूला एक फिकट चंद्रकोर. 2 मायक्रॉनच्या मांडणीत तीच चंद्रकोर, तितकीच. म्हणजे ती ग्रेटिंगवरून येत नाहीये. बाहेरचा उष्ण प्रकाश कुठल्यातरी चोरवाटेनं थेट डिटेक्टरच्या कोठडीत शिरतोय.

13 मार्च

शोधायची युक्ती बुवांची. रांजणाच्या बाहेरच्या भिंतीवर तापवायची गादी एकेका जागी टेकवायची, तेवढा भाग कोमट होऊ द्यायचा आणि चंद्रकोर उजळते का बघायचं. 5 मायक्रॉनला भिंत 10 अंशांनी तापली तर तिथून येणारा प्रकाश 38 टक्के वाढतो, 20 अंशांनी जवळपास दुप्पट होतो. हात भाजत नाही इतक्या तापमानावरही डिटेक्टर ओरडून सांगतो.

सकाळपासून बावीस जागा झाल्या. प्रत्येक जागेला अर्धा तास. मधे बुवांना डुलकी लागली, तरी गादी टेकवलेली होती.

14 मार्च

सापडलं. तेविसाव्या जागेला काही नाही, चोविसाव्याला चंद्रकोर लख्ख. किरणरोधक कवचाला हवा बाहेर पडण्यासाठी भोकं ठेवलेली असतात, नाहीतर पंप लावल्यावर आतली हवा कोंडते. प्रत्येक भोकावर नागमोडी वाटेची टोपी असते, म्हणजे हवा जाते पण प्रकाश सरळ येऊ शकत नाही. एका भोकावरची टोपी आराखड्यात आहे, भागांच्या यादीत नाही. यादीत नाही म्हणून बनवली नाही. बनवली नाही म्हणून बसवली नाही. यादी ज्यांनी केली त्यांच्याकडे पत्र गेलंय. आम्ही तीन जणांनी ती तपासली होती, हेही पत्रात लिहिलंय.

टोपी 40 ग्रॅमचीसुद्धा नसेल. तिच्यासाठी रांजण गरम करायचा, उघडायचा, बंद करायचा, पुन्हा गार करायचा.

16 मार्च

आज रात्री गरम करणं सुरू होतंय. या सगळ्या धावपळीत एशेल फिरवून परत आणण्याची चाचणी राहिली. सॉफ्टवेअरवाल्यानं दोनदा आठवण केली होती, मी "पुढच्या फेरीत करू" म्हटलं. इथे लिहून ठेवते.

6 एप्रिल

फेरी दुसरी, गार. चंद्रकोर गेली. अंधार आता काळा आहे. बाईंनी दोन तासांचा अंधाराचा फोटो पडद्यावर लावून ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होत्या. काहीही नसलेला फोटो.

8 एप्रिल

राहिलेली चाचणी. एशेल एका मांडणीवर न्या, दिव्याचा फोटो घ्या, दूर फिरवा, परत आणा, पुन्हा फोटो घ्या. रेषा त्याच पिक्सेलवर याव्यात.

जुन्या उपकरणाचं हेच दुखणं होतं. निरीक्षक रात्री मांडणी बदलायचे आणि परत आल्यावर रेषा दोन-तीन पिक्सेल इकडेतिकडे. मग प्रत्येक वेळी नव्यानं मोजमाप, महागड्या वेळातली मिनिटं वाया. या अपग्रेडला पैसे मिळाले त्यामागे हे एक मोठं कारण आहे. नवीन बेअरिंग, अक्ष किती फिरला ते मोजणारा नवा एन्कोडर, बारीक सारण्यासाठी पिझो (विजेनं किंचित लांबणारा स्फटिक), सगळं त्यासाठी.

अपेक्षा किती काटेकोर आहे ते बघा. एक पिक्सेल म्हणजे 1 किलोमीटर प्रतिसेकंद. तेवढ्यासाठी एशेल 1.4 आर्कसेकंद वळावं लागतं, म्हणजे 40 सेंटिमीटरच्या ग्रेटिंगचं टोक 1.3 मायक्रॉन हलतं. आम्हाला हवंय पिक्सेलच्या दहाव्या भागाच्या आत. टोकाला 0.13 मायक्रॉन.

निकाल: वरून आलं की +2.6 पिक्सेल, खालून आलं की −2.3.

नव्या बेअरिंगवर. नव्या एन्कोडरवर. मूळ दुखण्याइतकंच.

9 एप्रिल

पिझोनं रेषा जागेवर आणून बघितल्या. येतात. पण थांबत नाहीत. अर्ध्या तासात पाऊण पिक्सेल परत सरकतात, त्याच बाजूला. पिझो आणतो, काहीतरी पुन्हा ओढतं.

10 एप्रिल

संशयित एक: मोटर. फिरताना ती उष्णता सोडते, बेअरिंग किंचित फुगतं. मोटर बंद ठेवून तीन तास थांबलो. फरक शून्य. मोटर निर्दोष.

संशयित दोन: एन्कोडर चुकीचं सांगतोय. इथे गंमत आहे. वरून येवो वा खालून, एन्कोडरचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत तोच. रेषा मात्र पाच पिक्सेल लांब. दोघांपैकी एक खोटं बोलतोय आणि रेषा खोटं बोलत नाहीत.

11 एप्रिल

संशयित तीन: डिटेक्टरची बैठक. बाई भडकल्या, पण चाचणी करू दिली. सातही ऑर्डरी एकसारख्या सरकतात, आणि फक्त एशेलच्या दिशेनं. काटकोनात हलत नाहीत. शिवाय एशेल न हलवता इतर चाकं कितीही फिरवली तरी रेषा ठाम. बैठक निर्दोष. बाईंना चहा मी दिला.

मग उरतं काय? एन्कोडर अक्षावर बसलाय. अक्ष बरोबर जागी येतो. ग्रेटिंग येत नाही. म्हणजे अक्ष आणि ग्रेटिंग यांच्या मधे काहीतरी वाकतंय, किंवा ग्रेटिंगला कुणीतरी धरून ओढतंय. आणि जितकं लांबून फिरवून आणावं तितकी चूक मोठी. सामान्य तापमानाला, गार करण्यापूर्वी, हीच चाचणी आरसा आणि ऑटोकॉलिमेटर (बारीक कोन मोजणारं यंत्र) लावून केली होती, तेव्हा सगळं ठीक होतं.

गार झाल्यावरच ताठ होणारी वस्तू. हे वाक्य फळ्यावर लिहून घरी गेले.

12 एप्रिल

पहाटे तीनला जाग आली आणि उत्तर समोर होतं. कार्यशाळेत येऊन 20 फेब्रुवारीचे फोटो उघडले. 131 वा.

वेणी.

प्लॅस्टिकचं आवरण 65 केल्विनला केबल राहत नाही, काडी होते. सैल सोडलेली जुडी काडी झाली तरी वाकायला तिला लांबी असते. माझी जुडी दर पाच सेंटिमीटरला आवळलेली, फिरत्या आणि स्थिर चौकटीच्या मधे मोजून तेवढीच. ग्रेटिंगच्या पाठीला धरून ती स्प्रिंगसारखी ओढत होती, ज्या बाजूनं आलं त्या बाजूला, आणि मग हळूहळू सैलावत होती. मोटर, बेअरिंग, एन्कोडर, बैठक, सगळ्यांची झडती झाली. जिचं कौतुक झालं होतं तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

सकाळी सगळ्यांसमोर फोटो लावला आणि सांगितलं. बुवा बराच वेळ फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी बघितली होती. मीही बोललो नाही." त्या वाक्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी.

13 एप्रिल

उघडण्याआधी या फेरीत जे जमेल ते उरकून घेतोय, मागची चूक नको. वायूच्या कोठडीची चाचणी झाली: ॲसिटिलीन, अमोनिया आणि जड कार्बनचं मिथेन एका काचेच्या नळीत. ताऱ्याचा प्रकाश त्यातून गेला की त्यावर या वायूंच्या रेषांचा शिक्का उमटतो. तारा आणि मोजपट्टी एकाच वाटेनं, एकाच वेळी. फॅब्री-पेरो या मोजपट्टीच्या उपकरणाचाही पहिला फोटो घेतला: वारंवारतेत सारख्या अंतरावर असलेल्या शेकडो शिखरांची कंगव्यासारखी रांग. कंगव्याला स्वतःचा शून्य माहीत नसतो, तो युरेनियमच्या रेषांवरून लावायचा.

29 एप्रिल

रांजण उघडा. वेणी सोडली. नवी जुडी पातळ, तारा सुट्या, फिरत्या अक्षाभोवती मोठा मोकळा फास देऊन, गाठी फक्त दोन टोकांना. दिसायला गबाळी. गारठवून बघण्यासाठी नमुन्याची जुडी द्रव नायट्रोजनच्या भांड्यात बुडवून दोन्ही बाजूंना वाकवली, बलमापकावर काटा जेमतेम हलला. जुन्या वेणीचा तुकडा तसाच बुडवला तर हाताला कटकट जाणवली.

जुनी जुडी बाकाच्या वरच्या खिळ्याला टांगलीय. मीच टांगली.

19 मे

फेरी तिसरी. वरून +0.2, खालून −0.2. पिझोनं सुधारल्यावर 0.05 च्या आत, आणि दोन तास तिथेच. सॉफ्टवेअरवाल्यानं रात्रभर यंत्राला चाळीस वेळा मांडण्या बदलायला लावल्या. सकाळी आलेख बघितला, सपाट.

मे अखेर ते जुलै

फोकस, विभेदन, खाचेच्या दोन्ही रुंदी, सॉफ्टवेअर, कागदपत्रं, पुनर्विलोकनाची बैठक. लिहिण्यासारखं फार नाही. 0.2 आर्कसेकंदांच्या खाचेला विभेदन लाखाच्या जरा वर, 0.4 ला निम्मं. पेटीत भरलं, धक्के नोंदणारी यंत्रं चिकटवली, ट्रक गेला. रस्त्यात एकच मोठा धक्का नोंदला गेलाय. चालक म्हणतो, खड्डा नव्हताच.

22 ऑगस्ट

डोंगरावर. रांजण नॅस्मिथच्या, म्हणजे दुर्बिणीच्या बाजूच्या, ओट्यावर चढला. एवढ्या जड उपकरणाला हीच जागा बरी: दुर्बीण कुठेही वळो, ओटा आडवाच राहतो, त्यामुळे गुरुत्वाकर्षणाची दिशा बदलत नाही आणि आतली चौकट झुकत नाही. कूलरचे हेलियमचे पाईप ओढताना लक्षात आलं की दोन मीटर कमी पडतात. बुवांनी पेटीतून चार मीटरचा तुकडा काढला. कधी ठेवला होता, विचारलं नाही.

3 सप्टेंबर

पहिली रात्र. हवेनं होणारी थरथर पुसून काढणाऱ्या अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्सनं तारा खाचेवर घट्ट धरला. तारा निवडला तो उष्ण, निळा, के पट्ट्यात स्वतःच्या रेषा जवळपास नसलेला. मग पडद्यावर ज्या शेकडो रेषा आल्या त्या कुणाच्या? पृथ्वीच्या. पाणी, मिथेन, कार्बन डायऑक्साइड. एवढी मोठी दुर्बीण, एवढी थंडी, आणि पहिल्यांदा दिसली ती आपल्याच डोक्यावरची हवा. या रेषा शिव्या देण्यासारख्या नाहीत मात्र. वारे-बिरे धरूनही त्या 10 मीटर प्रतिसेकंदाच्या घरात स्थिर असतात, फुकटातली मोजपट्टी.

दोन वाजता एक तांबडा राक्षसी तारा. 2.2935 मायक्रॉनला कार्बन मोनॉक्साइडच्या पट्ट्याचं डोकं, तिथे प्रकाश कड्यावरून कोसळावा तसा पडतो आणि मग रेषांमागून रेषा, आधी दाट, मग विरळ होत जाणाऱ्या. जुन्या उपकरणानं याच रेषांचा एकच तुकडा बघितला असता. नियंत्रण कक्षात मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "सगळंच आलंय." बाह्यग्रहवाल्या बाई आल्या होत्या, त्या काही बोलल्या नाहीत, फक्त खुर्ची पुढे ओढून घेतली.

त्यांचं म्हणणं त्यांनी पहाटे चहाच्या वेळी सांगितलं. 2010 मध्ये क्रायर्सनं याच रेषांवरून एचडी 209458 बी या ग्रहाची स्वतःची कक्षीय धाव मोजली, आणि त्याच्या हवेत सुमारे 2 किलोमीटर प्रतिसेकंदाचा वारा असावा असा संकेत दिला. 2014 मध्ये बीटा पिक्टोरिस बी हा ग्रह स्वतःभोवती 25 किलोमीटर प्रतिसेकंद वेगानं फिरतो हे काढलं, तिथला दिवस साधारण आठ तासांचा. दोन्ही कामं जुन्या, अरुंद खिडकीतून झालेली. त्यांची यादी आता तीन पानी आहे. मी ती अजून वाचलेली नाही.

4 सप्टेंबर

संध्याकाळी बाह्यग्रहवाल्या बाईंनी विचारलं, "कालची मांडणी तशीच्या तशी मिळेल?" दिवसभरात दुसऱ्या सहा मांडण्या झाल्या होत्या. परत फिरवलं, दिव्याचा फोटो घेतला. पिझोआधी 0.3, नंतर 0.04. त्या "बरं" म्हणाल्या आणि पुढच्या ताऱ्याकडे वळल्या. जुन्या उपकरणावर इथे अर्धा तास गेला असता हे त्यांना माहीत नाही.

9 सप्टेंबर

के, एच आणि जे हे अवरक्ताचे पट्टे झाले. एल अर्धा. एम बाकी आहे, कारण पाच रात्री हवेत बाष्प फार आहे आणि 5 मायक्रॉनला आकाशच दिसत नाही. निळ्या बाजूच्या तापट पिक्सेलांचा पुंजका वाढलेला नाही. तीन नंबरच्या कूलरचा ठोका बुवांना आवडत नाहीये, ते कान लावून बसलेत. दिवसा अंधाराचे फोटो घेणं चालू.